चेंडू मऊ, म्हणून डोळा सुरक्षित?

मुंबई-पुण्यात पॅडेलची मैदाने वाढत आहेत. दिवसभर खुर्चीत बसणारी मंडळी संध्याकाळी चौघे जमवून घाम गाळतात, हे चांगलेच आहे. मात्र पॅडेलचा चेंडू टेनिसच्या चेंडूपेक्षा मऊ असल्याने त्याने इजा होत नाही, हा समज धोक्याचा आहे.

नियमावलीतले आकडे पाहावेत. वजन दोन्ही चेंडूंचे सारखेच, ५६ ते ५९.४ ग्रॅम. व्यास टेनिसमध्ये ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर, पॅडेलमध्ये ६.३५ ते ६.७७. २५४ सेंटिमीटरवरून सोडल्यास टेनिसचा चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो, पॅडेलचा १३५ ते १४५. पॅडेलच्या चेंडूत हवेचा दाब साधारणपणे कमी असतो, म्हणून तो जरा संथ. समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच ठिकाणी हवा विरळ असल्याने चेंडू अधिक उसळतो. तिथे आणखी कमी उसळणारा चेंडू वापरण्याची मुभा आहे. पुणे त्याच उंचीच्या पट्ट्यात येते.

म्हणजे चेंडूंत फरक थोडा. मोठा फरक मैदानात आहे. टेनिसचे मैदान २३.७७ मीटर लांब आणि उघडे. पॅडेलचे २० बाय १० मीटर, भोवती काच आणि जाळी, आत चौघे खेळाडू. चेंडू भिंतीवरून मागूनही येतो आणि मान वळवणाऱ्याच्या थेट चेहऱ्यावर बसू शकतो. जोराच्या माराने डोळ्यात रक्त साचू शकते, दृष्टिपटल फाटू शकते. अंधुक दिसणे, प्रकाशाच्या रेघा चमकणे, काळे ठिपके तरंगणे, नजरेसमोर पडदा आल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले, तर डोळा चोळू वा दाबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. दृष्टिपटल सुटताना वेदना होत नाहीत.

दुसरा प्रश्न कोपराचा. डबा उघडल्यापासून चेंडूतील हवा रबरातून हळूहळू झिरपते. असा मेलेला चेंडू मारायला जास्त जोर लागतो. पॅडेलच्या बॅटला धक्का झेलणाऱ्या तारा नसतात. हा ताण पुन:पुन्हा पडला की कोपराच्या बाहेरच्या बाजूचा स्नायुबंध दुखावतो. यालाच ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. उलट घरातला टेनिसचा नवा चेंडू पॅडेलला वापरला, तर तो अधिक वेगाने उसळतो आणि सावरायला कमी वेळ मिळतो.

उपाय महागडे नाहीत. पॉलिकार्बोनेटचा खेळासाठीचा चष्मा वापरावा. नेहमीचा चष्मा फुटून इजा वाढवू शकतो. उसळी मंदावलेले चेंडू बाद करावेत. बॅट भाड्याने देणाऱ्या मैदानचालकांनी असे चष्मेही ठेवावेत आणि नवख्यांना ते घातल्याशिवाय आत सोडू नये. तासाला पैसे घेणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा गैर नाही.