कुणबी नोंदींची जुनी पानं आणि ‘सर्व्हर स्लो’चं कोडं

7 सप्टेंबर 2023 ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली मोडी, उर्दूतली जुनी दप्तरं बाहेर निघाली. पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ सापडलं, तर नातवाच्या दाखल्याची वाट मोकळी होते. म्हणूनच बीडमध्ये स्कॅन केलेलं पान वेळेत उघडणं ही साधी गोष्ट नाही.

पण अशी लाखो पानं ठेवायला कोणता सर्व्हर चांगला, हे ठरवायचं कसं?

बहुतेक जण एक मोठी फाइल कॉपी करून वेग बघतात. ही चाचणी फसवी आहे. गिगाबिट नेटवर्कची मर्यादाच सेकंदाला 125 एमबी. सर्व्हरवर ईएक्सटी4 असो, एक्सएफएस असो की झेडएफएस, आकडा जवळपास सारखाच येतो, कारण अडथळा वायरचा असतो. फाइल रॅमपेक्षा लहान असेल तर डिस्क तपासलीच जात नाही.

खरा फरक दिसतो हजारो छोट्या फाइल्स साठवताना. एनएफएसमध्ये प्रत्येक फाइलसाठी अनेक फेऱ्या होतात, आणि डेटा डिस्कवर पक्का झाल्याशिवाय सर्व्हरने ‘झालं’ म्हणायचं नसतं. साध्या हार्ड डिस्कवर झेडएफएस इथे रखडू शकतं. पण तेच प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवतं, त्यामुळे खराब झालेलं पान लक्षात येतं.

‘असिंक’ सेटिंग लावलं की आकडे एकदम झकास दिसतात. मात्र मध्येच वीज गेली, तर ‘सेव्ह झालं’ म्हणून दाखवलेली पानं गायब होऊ शकतात.