गाऊट असेल तर दही-ताक खावं की सोडावं?

मुळशीसारख्या भाताच्या पट्ट्यात अनेक घरांत ताकभाताशिवाय जेवण पूर्ण होत नाही. पण एखाद्या रात्री पायाचा अंगठा सुजतो, तपासणीत युरिक ॲसिड वाढलेलं निघतं आणि घरातून पहिला सल्ला येतो, 'आंबट बंद कर.' दुसरीकडे, दह्यातले जिवाणू हीच सूज कमी करतात, अशीही चर्चा आहे. मग खरं काय?

गाऊट कशामुळे होतो?

शरीरात प्युरिन मोडताना युरिक ॲसिड बनतं. मूत्रपिंडावाटे ते पुरेसं बाहेर पडलं नाही, तर सांध्यात सुईसारखे स्फटिक साचतात. रोगप्रतिकारक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सांधा सुजतो. दह्याचा आंबटपणा मात्र लॅक्टिक ॲसिडचा असतो आणि दह्यात प्युरिन अगदी कमी असतं.

मग 'आंबट बंद' कुठून आलं?

चरकसंहितेत वातरक्ताच्या कारणांमध्ये दही आणि ताक दोन्ही येतात. आधुनिक निरीक्षण वेगळं आहे. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांच्या १२ वर्षांच्या पाहणीत (२००४) दुग्धजन्य पदार्थ सर्वाधिक खाणाऱ्यांना गाऊटचा धोका सुमारे ४४ टक्क्यांनी कमी दिसला. हा फायदा मुख्यतः कमी स्निग्धांशाच्या पदार्थांत होता. लोणी काढलेलं ताकही कमी स्निग्धांशाचंच. पण या पाहणीतून दुधानेच गाऊट टळतो, असं सिद्ध होत नाही.

प्रोबायोटिकचं काय?

जपानमध्ये प्युरिन शोषून घेणाऱ्या 'पीए-३' जिवाणूचं दही २०१५ पासून विकलं जातं. मात्र हा गुण त्या विशिष्ट वाणाचा आहे. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे दर घरी बदलतं. त्यामुळे एका वाणाचा निष्कर्ष प्रत्येक वाटीला लावता येत नाही. सूज कमी होण्याचे बरेचसे पुरावेही अजून प्रयोगशाळेतले आणि उंदरांवरचे आहेत.

रुग्णाने काय करावं?

ताक सोसत असेल, तर फक्त गाऊटमुळे ते सोडण्याची गरज नाही. रक्तदाब असेल तर मीठ बेताचं घालावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

खरा धोका ताकाच्या भरवशावर गोळ्या बंद करण्यात आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, औषध घेणाऱ्यांचं युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली राहायला हवं. दुखणं थांबलं, तरी स्फटिक सांध्यातच असू शकतात.