अंतराळाच्या दारावरची पाटी

2025 च्या वर्षावासातली गोष्ट. मिरज तालुक्यातल्या एका विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे त्या दिवसाचे वाचन संपले होते, खीरदान झाले होते आणि बाहेर पाऊस असल्यामुळे मंडळी आतच बसून राहिली होती. भारतीय वायुदलाचे अधिकारी शुभांशू शुक्ला आदल्याच आठवड्यात, 15 जुलैला, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून पृथ्वीवर परतले होते. सगळ्या वाहिन्यांवर तेच चालू होते. एसटीतून निवृत्त झालेले आमचे एक काका मला म्हणाले, "वकीलसाहेब, त्या एका शिटाला साडेपाचशे कोटी दिलं म्हणत्यात. त्यात आपल्या किती पोरांची स्कॉलरशिप झाली असती वो?"

सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आंबेडकरी चळवळीत तो वर्षानुवर्षे विचारला जातो, आणि त्याचे अर्धेच उत्तर आपण देत आलो आहोत. वस्तीत नळ नाही आणि हे चंद्रावर निघाले, असे म्हटले की टाळी मिळते. मात्र चंद्रावर जाणे थांबले की वस्तीत नळ येतो का, हे कोणी तपासून पाहत नाही.

अमेरिकेत ते तपासून झालेले आहे. 1969 च्या जुलैत अपोलो 11 उडण्याच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अॅबरनाथी खेचरांच्या गाड्या आणि गोरगरीब कृष्णवर्णीयांचा मोर्चा घेऊन केनेडी अंतराळ केंद्रावर धडकले होते. त्यांचे म्हणणे काकांसारखेच होते. पुढे तीन वर्षांत, डिसेंबर 1972 मध्ये, अपोलो बंद झाले. ठरलेल्या शेवटच्या तीन मोहिमा तर आधीच रद्द केल्या होत्या. मग तो पैसा गरिबांकडे वळला का? उलट निक्सन सरकारने 1973 पासून गरिबी निर्मूलनाचे कार्यालयच मोडीत काढायला घेतले. चंद्रही गेला आणि भाकरीही आली नाही. आपल्याकडे वेगळे काय घडते? त्याच 2025 साली महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींहून अधिक रुपये 'लाडकी बहीण' योजनेकडे वळवले गेले आणि खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आपला निधी पळवायला यांना रॉकेटची गरज लागत नाही.

तेव्हा प्रश्न खर्चाचा कमी आणि दाराचा जास्त आहे. दार कोणासाठी उघडते, कधी बंद होते, आणि पुन्हा उघडते तेव्हा त्यावर कोणती पाटी लावलेली असते?

भारताचा पहिला अंतराळवीर म्हणून राकेश शर्मा सर्वांना माहीत आहेत. 3 एप्रिल 1984 रोजी सोव्हिएत यानातून ते गेले आणि जवळपास आठ दिवसांनी परतले. त्यानंतर काय झाले हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. 1985 साली इस्रोने अमेरिकेच्या स्पेस शटलमधून पाठवण्यासाठी दोन नावे निवडली होती, पी. राधाकृष्णन नायर आणि एन. सी. भट. हे दोघे वैमानिक नव्हते, इस्रोतले तंत्रज्ञ होते. इन्सॅट-1सी या उपग्रहासोबत त्यांच्यापैकी एक जण 1986 च्या उत्तरार्धात जायचा होता. म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून सरकारी नोकरीत लागलेला माणूस अंतराळात जाऊ शकेल, असे एक दार या देशात किलकिले झाले होते. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांनी फुटले, सातही जण मरण पावले आणि ते दार मिटले. उपग्रह 1988 मध्ये युरोपच्या रॉकेटवरून वर गेला. माणूस गेला नाही. गगनयानाची घोषणा व्हायला 2018 साल उजाडावे लागले.

त्या सात जणांत रोनाल्ड मॅकनेअर नावाचा एक कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याची कथा साताऱ्याच्या माणसाने जरूर वाचावी. 1959 साली, नऊ वर्षांचा असताना, दक्षिण कॅरोलायनातल्या लेक सिटी गावच्या वाचनालयात तो पुस्तके घ्यायला गेला. ते वाचनालय गोऱ्यांचे होते. पुस्तके देणार नाही म्हटल्यावर पोरगा तिथेच बसून राहिला, आणि त्याला उठवायला पोलीस बोलावले गेले! आता आपण 1901 सालात येऊ. सातारा जिल्ह्यातले मसूर रेल्वे स्टेशन. नऊ वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुले रामजी सुभेदारांना भेटायला गोरेगावला निघाली आहेत. मुले महाराची आहेत हे कळताच स्टेशन मास्तर पाच पावले मागे सरकतो. एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलही मुलांनीच हाकायचे, या अटीवर गाडी मिळते. गाडीवान बाजूने पायी चालत राहतो. समुद्राच्या दोन टोकांना दोन पोरे, वय एकच, अनुभव एकच.

फरक पुढे पडला. मॅकनेअरसाठी 1978 साली दार उघडले, कारण नासाने त्या वर्षी निवडीचा नियमच बदलला होता. तोपर्यंत लढाऊ विमानांची चाचणी घेणारे वैमानिक हेच मुख्यतः अंतराळवीर होत आणि त्या कोंडाळ्यात काळ्यांना शिरकाव नव्हता. 1978 च्या तुकडीत शास्त्रज्ञ, डॉक्टर, इंजिनिअर घेतले गेले, म्हणून पहिल्यांदाच स्त्रिया आल्या आणि तीन कृष्णवर्णीय आले. माणसे रातोरात हुशार झाली नव्हती. चाळणी बदलली होती. आणि तो गेल्यावर काय झाले? त्याच 1986 साली अमेरिकी संसदेने त्याच्या नावाने योजना सुरू केली. ज्यांच्या घरात कोणी पदवीधर नाही अशा गरीब विद्यार्थ्यांना आणि ज्यांची संख्या कमी आहे अशा समाजांतल्या विद्यार्थ्यांना पीएच.डी.पर्यंत नेण्याची ती योजना आहे. एका अपघाताने अमेरिकेत असे एक दार उघडले आणि त्याच अपघाताने आपल्याकडचे बंद झाले.

आता पाटीकडे वळतो. इथे माझ्यातला वकील थोडा वेळ मागणार आहे.

16 नोव्हेंबर 1992 चा इंद्रा साहनी निकाल म्हणजे मंडल निकाल. ओबीसींचे 27 टक्के टिकले म्हणून आपण त्याचे स्वागत केले, पदोन्नतीतले आरक्षण आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा यावरून टीकाही केली. पण त्याच निकालातले परिच्छेद 838 आणि 839 आपल्या कार्यकर्त्यांनी फारसे वाचलेले नाहीत. काही पदांवर आरक्षण लागू करणे इष्ट नाही असे म्हणून न्यायालयाने तिथे एक यादी दिली आहे. संरक्षण सेवा, प्राध्यापक, अतिविशेष वैद्यकीय पदे, सरकारी विमान कंपन्यांचे वैमानिक आणि अणुऊर्जा व अंतराळ क्षेत्रातली तांत्रिक पदे! अंतराळ हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. न्यायालयाने नेमकी पदे ठरवण्याचे काम सरकारवर सोपवले होते, हे खरे. तरी 2013 मध्ये एम्सच्या खटल्यात घटनापीठाने याच मजकुराच्या आधारे अतिविशेष पदांवरचे आरक्षण नाकारले. पाटी लिहून तयार असली की ती कुठल्याही दारावर ठोकता येते.

इस्रोत आज आरक्षण अजिबात नाही असे नाही. 1975 च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे संशोधनाच्या शास्त्रीय पदांत गट 'अ' मधील सर्वांत खालच्या पायरीला आरक्षण लागू होते आणि त्याच्या वरच्या पायऱ्यांना सूट देता येते. म्हणजे उंबऱ्यापर्यंत या, माडीवर चढायचे नाही. (गंमत अशी की इस्रोतल्या त्या खालच्या पायरीच्या पदाचे नावच 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' आहे. ती वेतनश्रेणीची अक्षरे आहेत, आपला त्यांच्याशी संबंध नाही. पण नियतीलाही विनोद कळतो म्हणायचे!)

आणि प्रत्यक्ष अंतराळात जाणाऱ्यांचे काय? गगनयानासाठी निवडलेले चौघे, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला, वायुदलाचे चाचणी वैमानिक आहेत. त्यांची नावे 27 फेब्रुवारी 2024 रोजी जाहीर झाली. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल माझ्या मनात आदरच आहे आणि त्यांची जात शोधण्यात मला रस नाही. मला रस्ता बघायचा आहे. तो खडकवासल्याच्या एनडीएतून जातो, आणि त्याचा एक फाटा तर आपल्या साताऱ्यातून निघतो. देशातली पहिली सैनिक शाळा 23 जून 1961 रोजी साताऱ्यातच सुरू झाली. तिथे अनुसूचित जातींना 15 टक्के जागा आहेत. पण सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी शहरातली मुले चौथीपासून शिकवणी लावून करतात. जत, आटपाडी, माण, खटावच्या वस्त्यांत या परीक्षेचे नाव किती घरांत माहीत आहे? त्यातून पोरगा आत गेलाच, तर पुढे एनडीएत आणि वायुदलाच्या अधिकारी भरतीत आरक्षण नाही. त्यापुढे चाचणी वैमानिक, त्यापुढे अंतराळवीर. सगळ्या चाळण्या एकाखाली एक लावलेल्या आहेत, आणि शेवटी जे हातात उरते त्याला गुणवत्ता म्हणायचे. 2019 साली बी. के. पवित्रा खटल्याच्या दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की, प्रशासनाची कार्यक्षमता सर्व समाजघटकांच्या सहभागापासून तोडून मोजता येणार नाही. मग हा विचार 838 व्या परिच्छेदालाही लावून पाहायला नको का?

या सगळ्यात घाई करण्याचे कारण आहे. 21 जुलै 2011 रोजी अमेरिकेचे शेवटचे शटल उतरले आणि माणसे पाठवण्याचा त्यांचा सरकारी वाहनतळ रिकामा झाला. पुढची नऊ वर्षे त्यांनी रशियाकडून जागा विकत घेतल्या. 2020 पासून खासगी कंपनीचे यान माणसे नेते. शुक्ला गेले तेही एका खासगी कंपनीने आखलेल्या मोहिमेतून, दुसऱ्या खासगी कंपनीच्या रॉकेटवर. भारतातही 2020 मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि 2023 मध्ये तसे धोरण आले. गगनयानाचे मानवी उड्डाण पुढे पुढे ढकलत 2027 पर्यंत आले. सरकारी दारावर आपल्याविरुद्ध पाटी असली तरी ती वाचता येते, तिच्यावर कोर्टात जाता येते. कंपनीच्या दारावर पाटीच नसते, आणि अनुच्छेद 16 चा हातही तिथवर पोहोचत नाही. एसटी, वीज मंडळ, बँका यांत आपण हे पाहिले आहे. आपला माणूस वरच्या खुर्चीजवळ पोहोचेपर्यंत खुर्चीच विकलेली असते.

1942 च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी लिहिले होते की, कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा अनुसूचित जातींना फारसा उपयोग नाही. त्यांना खरे तारणारे शिक्षण विज्ञान आणि तंत्रज्ञानातले, तेही वरच्या दर्जाचे, आणि त्याचा खर्च सरकारने उचलला पाहिजे. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो. मी कायद्याचाच पदवीधर, तेव्हा ते वाचताना दरवेळी थोडा ओशाळतो. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या किती विहारांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेत! सगळी तलाठी, पोलीस, एमपीएससीची. भौतिकशास्त्राचे एक पुस्तक दिसत नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासून आपल्या दारात आहे. तिथे शिकून गेलेली आपली मुले कुठे आहेत, याची यादीसुद्धा चळवळीने केलेली नाही.

भीमरावांचे नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाले. 2017 पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हार, मिरवणूक, भाषणे होतात, व्हावीत. त्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांतल्या पाचवी आणि आठवीच्या मुलांना सैनिक शाळेच्या परीक्षेचे अर्ज भरून देता येतील, इतकी साधी गोष्ट आपण का करत नाही? मॅकनेअरच्या नावासारखी योजना मागायची, तर तीही साताऱ्याच्या त्या शाळेच्या नावाने मागता येईल. पुढच्या तुकड्यांत शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर घेण्याची चर्चा ऐकू येते. 1985 साली किलकिले झालेले दार ते हेच. ते पुन्हा उघडणार असेल, तर नियम ठरण्याआधी बोलले पाहिजे.

काकांना त्या दिवशी मी एवढेच म्हणालो की पाचशे कोटींचा हिशेब मागूच, आधी माणसांचा मागू. ते म्हणाले, "मागा की मग, थांबलाय कशाला?" त्यानंतरच्या रविवारी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला. इस्रोत 'एससी' श्रेणीपासून वरच्या प्रत्येक श्रेणीत अनुसूचित जाती-जमातींचे किती शास्त्रज्ञ आहेत, 1975 च्या आदेशाप्रमाणे कोणत्या पदांना सूट दिली आहे, ती कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने, आणि अंतराळवीर निवडीचे निकष कोणत्या कागदावर आहेत, असे चार प्रश्न आहेत. शुल्क दहा रुपये. अर्जाची प्रत विहाराच्या कपाटात ठेवली आहे. आपापल्या तालुक्यातून पाठवायचा असेल त्यांनी झेरॉक्स काढून न्यावी, आणि टपालाची पावती जपून ठेवावी, अपिलाला लागते.