नॅनोकणांचा स्वाभाविक मार्ग

बुरशीजन्य रोगांवर आणि काळ्या आजारावर अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध १९५० च्या दशकापासून ज्ञात आहे. परंतु ते मूत्रपिंडांना इतके घातक, की मूळ रोग हटत असतानाच रोगी दुसऱ्या विकाराच्या हवाली व्हावा, असा प्रसंग चिकित्सकांवर वारंवार येत असे. स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म गोलकांच्या, म्हणजे लायपोसोमच्या आवरणात गुंफून तेच औषध दिले असता हा आघात पुष्कळ कमी होतो. मुंबई महानगरपालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञांच्या सहकार्याने हे लायपोसोम-औषध याच देशात सिद्ध केले. काळ्या आजाराच्या रोग्यांसाठी त्याची मात्रा ठरविणाऱ्या चाचण्यांचा वृत्तान्त १९९९ साली प्रसिद्ध झाला. नॅनोवैद्यकावर आज जी विपुल चर्चा होते तीत या कार्याला अग्रस्थान मिळावे असे मला वाटते, आणि त्याचे कारण स्वदेशाभिमानापेक्षा अधिक खोल आहे.

रक्तात शिरलेल्या परक्या कणांना यकृत आणि प्लीहा यांतील भक्षक पेशी गिळून टाकतात. कर्करोगाच्या गाठीकडे औषध धाडू पाहणाऱ्या संशोधकाला हा शरीरधर्म पदोपदी आडवा येतो. टोरांटो विद्यापीठातील वॉरन चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांतील प्रकाशित प्रयोगांचा आढावा घेऊन २०१६ साली दाखवून दिले, की टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के आहे. पण काळ्या आजाराचा परजीवी राहतो तो नेमक्या याच भक्षक पेशींत! तेथे शरीराची जी प्रवृत्ती वैरीण, ती येथे वाटाडी होते. डॉ. श्याम सुंदर यांच्या गटाने मुझफ्फरपूर येथे लायपोसोमयुक्त औषधाची एकच मात्रा देऊन सुमारे ९६ टक्के रोगी बरे केल्याचे २०१० साली नोंदविले. चुंबकीय अनुनादाच्या चित्रणातही हेच दिसते: लोहाच्या ऑक्साइडचे कण निरोगी यकृतातील भक्षक पेशी गिळतात म्हणून तो भाग चित्रात काळवंडतो, आणि जेथे त्या पेशी नाहीत अशी अर्बुदाची जागा उजळ राहून वैद्याच्या नजरेस पडते.

कर्करोगावरील प्रयत्न सोडून द्यावेत असे कोणी म्हणणार नाही. लायपोसोममध्ये भरलेल्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली आणि त्याने हृदयावरील विषारी परिणाम घटविला, ही उपलब्धी लहान नव्हे. परंतु केंद्र सरकारने २००७ साली नॅनो मिशनला पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांची मंजुरी देऊन ज्या विद्येला बळ दिले, तिने आपल्या प्रश्नांचा क्रम परदेशी नियतकालिकांच्या रुचीवरून का ठरवावा? क्षयाचे जंतूही फुप्फुसांतील भक्षक पेशींतच दबा धरून बसतात, आणि रोगी महिनोन्‌महिने गोळ्या घेऊन थकतो. श्वासावाटे द्यावयाच्या क्षयौषधी कणांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत काम झालेले आहे. जेथे कण आपण होऊन जातात तेथेच ज्या रोगांचे ठाणे आहे, त्या रोगांना निधीत पहिला हक्क मिळाला पाहिजे, आणि त्या संशोधनाचे सूत्र रोग्यांच्या सहवासात वावरणाऱ्या औषधशास्त्रज्ञांच्या हाती असले पाहिजे. के.ई.एम.सारख्या सार्वजनिक रुग्णालयात हे घडू शकते, याचा दाखला आपल्याजवळ आहेच.

मात्र प्रयोगशाळेतील यश बाटलीत उतरविणे हे स्वतंत्र आणि कष्टाचे काम आहे. प्रत्येक खेपेला कणांचा आकार एकसारखा राहणे, द्रव्य निर्जंतुक राहणे, सिद्ध औषध योग्य तापमानात रुग्णालयापर्यंत जाणे, यांतले काहीही ऐन संकटात घाईने उभे राहत नाही. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाची साथ उसळली तेव्हा लायपोसोमयुक्त अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी रोग्यांचे नातेवाईक गावोगाव वणवण फिरले, आणि नव्या उत्पादकांना परवाने देण्याची धावपळ सरकारला त्या गदारोळात करावी लागली. या औषधाची विद्या तोवर देशात कित्येक वर्षे नांदत होती. म्हणून अशा संशोधनाला मंजुरी देतानाच सरकारी रुग्णालयांच्या दीर्घ मुदतीच्या खरेदीचा करार आणि राखीव साठ्याची तरतूद त्याच दप्तरात नमूद व्हावी, आणि साथ नसलेल्या वर्षीही ती खरेदी कारकुनी काटकसरीच्या नावाखाली रद्द होऊ नये.