तळ्याची अट

शेख मेमन स्ट्रीटवर माणूस स्वतःच्या चालीने चालत नाही. पुढची हातगाडी आणि मागचा डोईवर गाठोडे घेतलेला हमाल ठरवतील ती त्याची चाल. एकीकडे मंगळदास मार्केटचे कापड, दुसरीकडे झवेरी बाजाराचे सोने, पाठीमागे महात्मा फुले मंडई, जिला मुंबईकर अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. या गर्दीत जामा मशीद चटकन नजरेत भरत नाही. भोवती इमारतींचे कडे आहे, त्यांच्या तळमजल्यावर दुकानांचे गाळे. पूर्वेच्या दाराने आत शिरून, चपला काढून चौक ओलांडला की समोर पाणी येते. हौद नव्हे, चांगले मोठे तळे. पायऱ्यांवर वुजू करणारी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणारी माणसे, पाण्यात मासे, आणि त्या पाण्यातूनच वर उठलेल्या काळ्या दगडाच्या सोळा कमानी. या कमानींवर अख्खी मशीद उभी आहे.

मशिदीच्या अंगणात हौद असतोच. इथे मशीदच तळ्यावर आहे. याचे कारण एका अटीत आहे.

मुंबई शहराच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची हकीकत आहे. अठराव्या शतकात किल्ल्याबाहेरचा हा भाग बागांचा आणि मोकळ्या रानाचा होता. तळ्याची जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. मशिदीसाठी जागा द्यायला तो तयार झाला, पण तळे आहे तसे राखले पाहिजे, या बोलीवर. जमातीने बोली मानली आणि तळ्यावर एकमजली इमारत उभारली. काम 1775 मध्ये सुरू झाले आणि 1802 मध्ये पुरे झाले. मधली सत्तावीस वर्षे बरीचशी जागेच्या मालकीच्या वादात गेली. मुंबईत जमिनीचा वाद तेव्हाही लवकर मिटत नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

बांधकाम पुरे झाल्याचे साल दोन शब्दांत गुंफले आहे: ‘जहाज-ए-आखिरत’, परलोकीचे जहाज. अरबी-फारसी परंपरेत प्रत्येक अक्षराला अंक असतो. जहाजाच्या अक्षरांची बेरीज 16 आणि आखिरतच्या अक्षरांची 1201. एकूण 1217, म्हणजे हिजरी सन. पाण्यावर उभ्या असलेल्या इमारतीला जहाज म्हणणारी माणसे स्वतः जहाजांवर पोट भरणारी होती. त्यांच्यातला ‘नाखुदा’ म्हणजे जहाजाचा धनी. आपल्या कोळीवाड्यांतला ‘नाखवा’ त्याच शब्दातून आला. अरबी समुद्राच्या व्यापारातून कोकणच्या बंदरांत रुजलेल्या या कोकणी मुसलमान समाजाने सुन्नी इस्लाममधला शाफई पंथ समुद्रापलीकडून घेतला आणि घरातली बोली कोकणातली ठेवली. 1837 मध्ये मशिदीवर दुसरा मजला चढवला तो याच समाजातल्या महंमद अली रोगे या धनिकाने. चीनशी चालणाऱ्या व्यापारात ते जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार होते. त्या व्यापारातला मोठा माल अफू होता, हेही विसरू नये. मुंबईच्या दानधर्माचा जमाखर्च मांडायला बसले की ही नोंद टाळता येत नाही.

हिजरी 1217 हे साल मुंबईने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. ते संपण्याआधी, फेब्रुवारी 1803 मध्ये, किल्ल्यातल्या बाजाराला प्रचंड आग लागली. त्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ती किल्ल्याबाहेर झपाट्याने वाढली. मशीद पुरी झाली आणि तिच्याभोवती शहर येऊन उभे राहिले, ते जवळजवळ एकाच वेळी. बागा गेल्या, रान गेले, चाळी आणि पेढ्या आल्या. शेजारी कोण कोण आले, हे नावांतच वाचावे. जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव मस्जिद. परक्या माणसाला ते जामा मशिदीवरून पडले असे वाटते. पण जाणकार त्याचा संबंध ज्यूंच्या प्रार्थनास्थळाशी जोडतात. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये ते बांधले. दिवेकर हे बेने इस्रायली, कोकणातले, मराठी बोलणारे, आणि हा समाज आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणे. सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांचेच. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मुंबादेवी. एवढ्याशा चौरसात हे सारे मावले, कारण व्यापाराला शेजार लागतो.

आता तळ्यांकडे येऊ. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी: ही पत्ते सांगायची नावे आहेत, पाणी भरायची नव्हेत. एकेकाळी शहर या तळ्यांवर आणि विहिरींवर जगत होते. 1860 मध्ये विहारचे पाणी नळाने आले, पुढे तुळशीचे, 1892 मध्ये तानसाचे. नळ आल्यावर तळ्यांची गरज उरली नाही आणि गरज सरताच ती घाण वाटू लागली. 1911 मध्ये डॉ. बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापाची पाहणी करून विहिरी-टाक्यांतल्या डासांवर बोट ठेवले, आणि त्या बुजवण्याला शास्त्राचा आधार मिळाला. तो आधार खोटा नव्हता. डास होते, माणसे मरत होती. पण पाणी झाकणे, त्यात मासे सोडणे आणि पाणीच नाहीसे करणे यांतला फरक शहराने फारसा पाहिला नाही. शिवाय बुजवलेल्या तळ्याची जमीन होते आणि मुंबईत जमिनीला भाव असतो.

इथे सालांकडे पुन्हा पाहावे. तानसाचे पाणी आले 1892 मध्ये. जामा मशिदीच्या तळ्याला दगडी पायऱ्या आणि कठडे बांधले गेले 1893 मध्ये. शहर ज्या वेळी तळ्यांकडे पाठ फिरवत होते, त्या वेळी ही जमात आपल्या तळ्यात उतरायला पायऱ्या बांधत होती.

धर्मामुळे तळे वाचले, असे म्हणणे सोपे आहे. वाळकेश्वरची बाणगंगा वाचली, चर्चगेटजवळची पारशांची 1725 सालची भिकाजी बेहराम विहीर वाचली. पण या म्हणण्यात एक खोट आहे. जिच्यावरून शहराचे नाव पडले, त्या मुंबादेवीचेही तळे होते आणि ते बुजवले गेले. श्रद्धा तिथे कमी नव्हती. माझ्या मते फरक बांधणीत आहे. मुंबादेवीचे तळे देवळाशेजारी होते. ते गेले तरी देऊळ उभे राहत होते. जामा मशिदीचे तळे हाच तिचा पाया आहे. ते काढायचे तर वरचे दोन्ही मजले काढावे लागतील. व्यापाऱ्याची अट कागदावर राहिली असती तर एखाद्या वकिलाने तिचा दुसरा अर्थ लावला असता. ती दगडात उतरली, म्हणून सव्वादोनशे वर्षे कोणाला मोडता आली नाही.

आज मुंबई सात तलावांचे पाणी पिते. त्यांतले भातसा-वैतरणेचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून येते, आणि ज्या शहापूर तालुक्याच्या अंगणातून ते येते तिथल्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहरात मात्र प्रत्येक नव्या बांधकामाला अटी असतात: झाड राखा, नाला राखा, पावसाचे पाणी जिरवा. परवाना हाती पडला की या अटींचे काय होते, ते पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावर दिसते. अटी कमी पडत नाहीत. त्या इमारतीच्या शेजारी ठेवलेल्या असतात, इमारत त्यांच्यावर उभी नसते. महापालिकेने, वास्तुरचनाकारांनी आणि घर विकत घेणाऱ्यांनीही प्रत्येक आराखड्याला एक प्रश्न विचारावा: हे पाणी काढून टाकले तर तुमचे काही अडेल का? ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते पाणी आज ना उद्या जाणार, हे धरूनच चालावे.

वाचकांना एक विनंती. मंगळदास मार्केटात खरेदीला जाल तेव्हा पाव तास राखून ठेवा. शुक्रवारची दुपार आणि नमाजाच्या वेळा टाळा, दाराशी विचारून आत जा आणि तळ्याच्या काठाशी उभे राहा. जुन्या मुंबईचे पाणी उघड्यावर पाहता येईल अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत.