मोटारीचा विमा आणि पावसाळी वाट



१५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या पावसाने पोर्ट लुईचे रस्ते नदीसारखे वाहू लागले. उभ्या मोटारी वाहत गेल्या, एकमेकींवर चढल्या. अशा वेळी कपाटातला विम्याचा कागद बाहेर निघतो आणि आपण तो प्रथमच वाचतो.

आपल्या देशात थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. पण त्यातून भरपाई मिळते ती आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची व नुकसानीची. आपली स्वतःची बुडालेली गाडी त्यात येत नाही. गाडी जुनी असेल, तिची किंमत थोडी असेल, तर एवढा विमा पुरे. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या गाडीला मात्र तो पुरत नाही. गाडी जाते, हप्ते राहतात. तिचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमाच घ्यावा. तोही घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. वादळ आणि पूर त्यात धरले आहेत काय? आणि भरपाईतली पहिली रक्कम आपल्या खिशातून किती जाणार? विमा एजंट आपला नातलग असला तरी विचारावे. नातलग असला तर जास्तच!

गणेशचतुर्थीला गाडीभर माणसे घेऊन आपण समुद्राकडे निघतो. तेव्हा अपघाताचा छापील फॉर्म व पेन गाडीत असू द्यावे. कोणी जखमी झाले तर ११४ वर सामूला आणि ९९९ वर पोलिसांना कळवावे. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. घातलीच आणि बंद पडली, तर पुन्हा चालू करू नये. आत पाणी शिरलेले इंजिन त्या एका प्रयत्नात मोडते.