बाटलीवरचे नाव आणि आतली पेशी

मानवी शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवून त्यांची परस्परांशी तुलना करणे, हे आता जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील नित्यकर्म झाले आहे. केंद्रकाचा आकार पाहावयाचा, गुणसूत्रे मोजावयाची, पेशींची संख्या किती तासांत दुप्पट होते ते नोंदवावयाचे आणि तक्ता सिद्ध करावयाचा. या तक्त्याच्या मुळाशी एक गृहीत असते: बाटलीवर जे नाव आहे, तीच पेशी आत आहे. हे गृहीत किती ठिसूळ आहे, याकडे शास्त्रज्ञांनीच दीर्घकाळ डोळेझाक केली.

१९५१ मध्ये बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून ‘हेला’ पेशी मिळाल्या. (तिची संमती कोणी विचारली नव्हती, हा त्या इतिहासाचा वेगळाच डाग.) निरोगी पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात; हेलामध्ये ती ऐंशीच्या घरात जातात. हेला साधारणतः दिवसभरात दुप्पट होते आणि थांबत नाही. उलट, निरोगी ऊतकातील पेशी सुमारे पन्नास विभाजनांनंतर वाढ थांबवितात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले.

इतका ढळढळीत फरक असूनही फसगत झालीच. अनेक ठिकाणी निरोगी ऊतकाच्या पेशी काही महिन्यांनी एकाएकी झपाट्याने वाढू लागत, केंद्रके बेढब होत, गुणसूत्रांची संख्या चढे. पेशी आपोआप कर्करोगी बनल्या, असा अर्थ मोठ्या उत्साहाने लावला गेला. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी अठरा पेशीवंशांतील एन्झाइमे तपासली, तेव्हा त्या सर्वांत आफ्रिकी वंशाच्या लोकांतच प्रामुख्याने आढळणारा प्रकार निघाला. त्यांतील काही पेशी तर गोऱ्या व्यक्तींच्या म्हणून नोंदलेल्या होत्या! पेशी बदलल्या नव्हत्या. पिपेटमधून हेलाचा एखादा थेंब आत गेला होता आणि त्याने मूळ पेशींना केव्हाच मागे टाकले होते. यकृताच्या म्हणून नावाजलेल्या ‘चँग लिव्हर’ पेशीही हेलाच ठरल्या. ज्या दोन वंशांतील साम्यावर पानेच्या पाने लिहिली गेली, ते मुळात दोन नव्हतेच.

या शोधाचे स्वागत झाले असेल असे कोणी समजू नये. कॅलिफोर्नियातील वॉल्टर नेल्सन-रीस यांनी १९७४ पासून अशा पेशींच्या याद्या नावानिशी प्रसिद्ध केल्या आणि पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. आपल्या कित्येक वर्षांच्या श्रमांवर पाणी पडलेले कोणाला रुचणार?

आज डीएनएच्या चाचणीने पेशीची ओळख अल्प खर्चात पटविता येते. खोट्या नावाने वावरणाऱ्या पेशीवंशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पाचशेहून अधिक नावे आहेत. तरीही त्यांतील काही नावे शोधनिबंधांत बिनदिक्कत येत राहिली, याला अज्ञान म्हणता येत नाही. हा आळस आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे भांडार देशभरच्या संशोधकांना पेशी पुरविते. शेजारच्या प्रयोगशाळेतून ओळखीने बाटली आणली की खर्च वाचतो खरा, पण तिच्यासोबत दाखला येत नाही. विद्यापीठांनी प्रबंध स्वीकारतानाच हा दाखला मागावा. विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच हे बजावले, तर तिसऱ्या वर्षी तक्ते फाडण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.